शिळं पाणी

आमच्या घरात मार न खाल्लेलं कोणीच नव्हतं. मी खाल्ला, आईनं खाल्ला, शेतावरच्या सालदारानं खाल्ला, बैलांनी तर रोजचाच खाल्ला. एकदा भर मे महिन्यात कुलर चालेना, तर आप्पांनी त्याच्या पोटात अशी लाथ हाणली की पत्रा आत गेला, आणि गंमत म्हणजे कुलर सुरू झाला. मग काय, आप्पांचा आपल्या पायावरचा विश्वास आणखीनच वाढला. आप्पा म्हणजे माझे वडील. बार्शीटाकळीच्या बाजूला आमचं काळं वावर, कापसा-तुरीचं, आणि राहायला अकोल्यात घर, कारण पोरीला शिकवायचं असं आईनं ठरवलं होतं. साऱ्या जन्मात आप्पांनी तिचं ऐकलं ते एवढंच. आप्पा चिडले की आधी त्यांचे कान लाल व्हायचे. ते कान बघूनच आम्ही घरातल्या घरात जागा बदलायचो. आज लोक मला म्हणतात, ताई, तुमचा राग भारी बरं का. आहेच. माझेही कान लाल होत असतील, मी आरशात बघायला जात नाही इतकंच.

आईचा राग वेगळ्या वाटेनं निघायचा. ती भांडी धुवायची नाही, बडवायची. अकोल्यात नळ रोज येत नाही, तेव्हाही येत नव्हता, आणि यायचा त्या दिवशी गल्लीत एकच हाकाटी व्हायची, ‘नळ आला वं!’ की सगळ्या बाया हातातलं काम टाकून अंगणात. आणि पहिलं काम काय, तर घरात असलेलं पाणी फेकायचं. माठातलं, ड्रममधलं, पिंपातलं, सगळं चांगलं निवळशंख पाणी भसाभस अंगणात ओतून द्यायचं, कारण ते शिळं झालं. मग काथ्या आणि विटेची भुकटी घेऊन ड्रम आतून रगडायचा, आतला बुळबुळीतपणा गेला पाहिजे, बोट लावल्यावर करकर वाजलं पाहिजे, आणि मग नळाचं ताजं पाणी भरायचं. उन्हाळ्यात इथं पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात, आणि तीच माणसं नळाच्या दिवशी भरलेले ड्रम उपडे करतात. मी बाहेरगावच्या लोकांना हे सांगते तेव्हा ते हसतात. हसा बापा. पण आमच्याकडे पाहुण्याला शिळं पाणी दिलं तर त्याचा अपमान होतो, आणि आईसमोर कोणी ‘राहू द्या वहिनी, चांगलं हाय पाणी’ असं म्हणालं तर ती त्याच्याकडे अशी बघायची की तो पुन्हा बोलायचा नाही. त्या दिवशी स्वयंपाकालाही वेळ नसायचा. गोळाभात टाकायचा, डाळीच्या भरड्याचे गोळे भातातच शिजवलेले, वरून कढत तेल, आणि ओल्या हातानंच जेवायचं.

अशा घरात जपानी मासे आले. मला अमरावतीच्या कॉलेजात घालायला आप्पा आले होते, तिथं एका लॉनवर, कोणाच्या तरी लग्नात, त्यांनी ते पाहिले. लाल, पांढरे, केशरी, हातभर लांब, माणसाला बघून तोंड उघडत काठाशी येणारे. आप्पा जेवायचं सोडून तिथंच उकिडवे बसले. ज्या माणसानं आयुष्यात मला कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही, तो माणूस माशाच्या तोंडात बोट देऊन हसत होता. महिनाभरात अकोल्याच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, सिमेंटचा हौद बांधून झाला, तळाशी नदीचे गोटे, एका कोपऱ्यात छोटी मोटर लावून कारंजं. अमरावतीहून मासे आले. त्यात एक पांढरी शुभ्र होती आणि कपाळाच्या जागी बरोब्बर एक गोल लाल ठिपका. आईनं तिचं नाव ठेवलं कुंकू. आप्पा सकाळी अंघोळीच्या आधी कणकेच्या गोळ्या करून हौदाशी बसायचे आणि कुंकू त्यांच्या तळहातावरून गोळी उचलायची. ‘ये माय, ये,’ म्हणायचे. हा आवाज मी त्यांच्या तोंडून दुसऱ्या कोणासाठी ऐकला नाही. मला त्या मासळीचा हेवा वाटायचा, खरंच सांगते.

पहिलं वर्ष बरं गेलं, कारण हौदाला पाणी बोअरचं होतं. बोअर होती बाळूकाकाच्या अंगणात. बाळूकाका माझ्या आप्पांचा धाकटा भाऊ. वाटणी झाली तेव्हा अंगणाच्या मधोमध छातीइतकी भिंत आली आणि बोअर त्याच्या बाजूला गेली, पण भिंतीवरून एक पाइप आमच्याकडे यायचा. काका आप्पांसारखाच धिप्पाड, पण त्याचा राग चटकन यायचा आणि चटकन जायचा. मला सायकल त्यानं शिकवली होती, पडले तर आधी पाठीत धपाटा घालायचा आणि मग गुडघ्याला हळद लावायचा. पुढे शेतातल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे दोघांच्या वावरांमधल्या बांधावरच्या, कडुनिंबाच्या झाडावरून दोघांचं जुंपलं. निंब काकाच्या पिकावर सावली धरतो असं काका म्हणायचा. काकानं त्याच्या फांद्या छाटल्या, तर आप्पांनी संतापात अख्खं झाडच बुडातून तोडलं, आणि दुसऱ्या दिवशी काकानं भिंतीवर चढून पाइप कोयत्यानं कापला. कापलेलं टोक आमच्या अंगणात फेकलं. ‘घे, लाव तुह्या मास्याईले!’ म्हणाला. आप्पांचे कान लाल झाले.

तेव्हापासून हौद नळाच्या पाण्यावर आला, आणि आईच्या ताब्यात आला.

आता बोअरचं पाणी होतं तोवर हौदाकडे कोणी फारसं पाहत नसे. पाणी जरा हिरवट असायचं, गोट्यांवर काळपट बुळबुळीत थर असायचा, मासे मजेत असायचे. पण नळाचं पाणी म्हणजे आईच्या हिशेबानं घरातलंच पाणी, आणि घरातलं पाणी शिळं ठेवायचं नसतं. नळाच्या दिवशी तिनं मासे जुन्या पाण्यासकट टबात काढले, हौदाचं बूच ओढलं, सगळं पाणी पेरूला सोडलं, ब्लिचिंग पावडर टाकून भिंती घासल्या, एकेक गोटा काथ्यानं असा रगडला की आत काय रंगाचा दगड आहे ते पहिल्यांदा दिसलं. मग ताजं पाणी. एवढा चकचकीत हौद गल्लीत कोणी पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी मासे वर येऊन तोंडं उघडी करून हवा पिऊ लागले, एक उडी मारून बाहेर फरशीवर आपटला, सकाळी बरेचसे पोट वर करून तरंगत होते, कल्ले लाल भडक. आई म्हणाली, पाणी घाण झालं असेल. मग पुढच्या नळाला आणखी जोरात धुतला. आणखी मेले. पाणी पांढुरकं व्हायचं, वास यायचा, म्हणून अजून ब्लिचिंग. मेलेला मासा निघाला की हौद धुवायचा, आणि हौद धुतला की मासे मरायचे, असं चाललं होतं आणि ते कोणाच्याच लक्षात येत नव्हतं.

आप्पांच्या लक्षात दुसरंच आलं. भिंतीपलीकडे काका कपाशीचा फवारणीचा पंप धुवायचा. औषधाचा उग्र वास इकडे यायचा. मासे मेले त्या सकाळी त्यांना तो वास आला, आणि संपलं. भिंतीला बैलगाडीची उभारी टेकलेली होती, गाडीच्या कडेला उभी रोवतात ती लाकडाची दांडी, मनगटाएवढी जाड. ती घेऊन आप्पा भिंतीवरून पलीकडे उतरले. काका अंघोळीला बसला होता, उघडाबंब, डोक्याला साबण. पहिला तडाखा कानावर बसला. साबणाच्या फेसातून रक्त खाली आलं. काकू मधे पडली, तिच्या दंडावर एक बसला. ‘इख टाकतं माह्या मास्याईत? इख टाकतं?’ एवढंच आप्पा ओरडत होते. काका डोळ्यांतला साबण पुसत, भिंतीला धरत म्हणाला, ‘नाई टाकलं दादा, मायची आन, नाई टाकलं.’ शेजाऱ्यांनी सोडवलं. जाता जाता आप्पा उभारीचं टोक त्याच्या छातीवर ठेवून बोलले, ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. ‘पुढच्या बारीनं एक जरी मासा मेला ना बाळ्या, त तुह्यं डोक्सं राहणार नाई.’ काकाच्या कानाला टाके पडले. संध्याकाळी टाके घालून आला आणि अंगणात खाट टाकून कुऱ्हाडीला धार लावत बसला. तोही आमच्याच रक्ताचा होता.

हे सगळं मला फोनवर कळलं. हॉस्टेलात आमच्या खोलीत तिघींत मिळून एकच मोबाइल होता. आईचा आवाज इतका बारीक लागत होता की मला वाटलं कोणी मेलंच. ‘सुमे, तू ये वं. नळ यायच्या आत ये. एक मासा मेला त हे दोघं एकमेकाले कापतीन.’ मी बडनेऱ्याहून गाडी धरली. रात्रभर वाचून मी परीक्षा दिल्या, पण त्या गाडीत जितकी भीती वाटली तितकी कधी वाटली नाही. आप्पा बोलले ते करतात हे मला माहीत होतं. बोलले म्हणून निंब तोडला होता, बोलले म्हणून एका मुजोर गोऱ्ह्याचं शिंग मोडलं होतं.

घरी पोचले तेव्हा आई पोळ्या लाटत होती आणि लाटण्याचाही आवाज होऊ देत नव्हती. मला आवडते म्हणून तिनं सांबारवड्या केल्या होत्या, कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, ती तिखट भरून तळलेली वडी मी एरवी कढईतूनच पळवते. त्या दिवशी ताटातली तशीच राहिली. आप्पा समोर बसून जेवत होते, उभारी पाटाशेजारी. भिंतीपलीकडून धार लावल्याचा आवाज येत होता, खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. आप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मला विचारलं, ‘अभ्यास करतं नं?’ मी म्हटलं, ‘हाव.’ एवढंच आमचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी आप्पांबरोबर मी वावरात गेले. घरात बसवत नव्हतं. तिथं बैलांना पाणी पाजायचं एक जुनं सिमेंटचं टाकं आहे, विहिरीच्या पाण्याचं, शेवाळानं हिरवंगार, आत बैलांच्या तोंडातला कडबा पडलेला, कधी म्हणजे कधी न धुतलेलं. मी हात धुवायला वाकले आणि दचकून मागे झाले. पाण्यातून एक केशरी मासा वर आला आणि तोंड उघडून माझ्याकडे बघू लागला. मग आठवलं. आदल्या वर्षी एका माशाचा पर तुटला होता, लंगडा मासा दारात नको म्हणून आईनं तो इथं आणून टाकायला लावला होता. मरायलाच टाकला होता म्हणा ना. आणि हा मेला तर नव्हताच, चांगला दांडगा झाला होता. सगळे अंगणातले मेले, लाडाचे, कणीक खाणारे, आणि हा फेकून दिलेला बैलाच्या उष्ट्यात जगला. मी त्या टाक्याच्या काठावर बसले आणि माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं.

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेट्यांत मासे होते आणि त्यांचं पाणी बदलायची आम्हा मुलींची पाळी असायची. नियम असा की नळाचं पाणी आदल्या दिवशी बादल्यांत काढून उघडं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी टाकायचं, आणि तेही थोडंसंच. म्हणजे आमच्या भाषेत शिळं करून टाकायचं! मी कित्येकदा ते केलं होतं. का करतात तेही पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्क घेतले होते. नळाच्या पाण्यात जंतू मारायला औषध असतं, पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की जास्तच असतं, आपल्याला नुसता वास येतो पण माशाचा कल्ला त्यानं भाजतो. उघडं ठेवलं की ते उडून जातं. आणि गोट्यांवरचा तो बुळबुळीत थर, ज्याला आई जन्माची वैरीण असल्यासारखी घासत होती, तो थरच माशांची घाण खाऊन पाणी गोड ठेवत असतो. वहीत लिहिलेली गोष्ट स्वतःच्या अंगणात ओळखू यायला मला बैलाच्या टाक्यापर्यंत यावं लागलं. मला माशांतलं कळतं म्हणून आजही कोणी फोन करतं, ताई, तळ्यातलं पाणी खराब झालं, मासे वर येऊन राहिले, काय करू? मी पहिलं विचारते, धुतलं का? बहुतेक वेळा उत्तर येतं, हो ना, चांगलं घासून.

मी तिथंच आप्पांना सांगितलं. मासे काकानं नाही मारले. पाण्यानं मारले, धुण्यानं मारले. आप्पांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, ‘ते पाणी आपण पेतो का नाई?’

‘पेतो.’

‘तू मेली? मी मेलो? तुही माय मेली?’

‘आपल्याले कल्ले नाई ना आप्पा.’

कानशिलात बसली. चांगलीच बसली, तोंडात रक्ताची चव आली. ‘अमरावतीले पाठवलं त बापाले येडं समजाले लागली? भैताड कुठली! ताजं पाणी कधी इख होते का?’ त्यांचे कान लाल होते. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी रडलेही नाही. पण मला एक कळलं. हा माणूस सांगून ऐकणारा नाही. ह्याला समोर मरताना दिसलं पाहिजे.

नळ सकाळी उन्हं वर आल्यावर आला. गल्लीत हाकाटी झाली, फक्त आमच्या आणि काकाच्या दारात कोणी ओरडलं नाही. आईनं पदर खोचला. जुन्या पाण्यासकट मासे एका मोठ्या निळ्या टबात काढून सावलीला ठेवले. उरलेच किती होते, कुंकू आणि दोनचार. हौदाचं बूच ओढलं. मी म्हटलं, ‘आई, नको धुऊ,’ आणि तिच्या हातातला ब्रश धरला. तिनं हिसकला, मी सोडला नाही, आणि माझ्या आईनं, जिनं कधी मला टिचकी मारली नव्हती, त्या ब्रशची लाकडी बाजू माझ्या मनगटावर हाणली. ‘सोड! शिळ्या पाण्यात ठेवू का त्याईले? मारू का?’ ती घाबरलेली होती, घाबरून घाबरून तिला वाटत होतं की अजून स्वच्छ केलं तरच सगळे वाचतील. भिंतीपाशी आप्पा उभारी घेऊन उभे. पलीकडे काका, कानाला पट्टी, हातात कुऱ्हाड. दोघंही हौदाकडे बघत होते.

मी ब्रश सोडला. दुसरा तसाच निळा टब ओढला, आप्पांच्या समोर ठेवला, आणि नळाची नळी त्यांच्या हातात दिली. ‘भरा,’ म्हटलं. ‘तुमी भरा. तुमच्या हातानं.’ काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी भरला. नळाच्या पाण्यातूनच ब्लिचिंगचा वास नाकात गेला. मग मी वाकून पहिल्या टबातून कुंकूला उचललं, दोन्ही हातांत, ती माझ्या छातीवर शेपटी मारत होती, आणि तिला ताज्या पाण्यात सोडलं. आई किंचाळली, ‘सुमे, तिले नको! तिले नको वं!’

‘काका तिथं हाय,’ मी ओरडले. ‘त्याचे हात दिसून राहिले ना? पाणी तुमी भरलं. आता पाहा. दोन्ही टब पाहा.’

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कुंकू एकदम उसळली, टबाच्या कडेवर थाडकन आपटली, परत पाण्यात पडली. गोल गोल फिरू लागली. तोंड वर काढून हवा गिळू लागली. कल्ले फडाफडा उघडत होते आणि आतून लाल व्हायला लागले होते. शेजारच्या टबात, त्या मळकट शिळ्या पाण्यात, बाकीचे मासे निवांत तळाशी होते. ती आडवी झाली. सरळ झाली. पुन्हा आडवी झाली. आप्पांच्या गळ्यातून एक आवाज निघाला आणि ते तिला काढायला वाकले. मी मधे झाले, टबाच्या दोन्ही कडा धरून. ‘काढू नका. पुरं पाहा. मंग जा काकाले मारा.’

‘सर बाजूले.’

‘नाई.’

‘सर म्हणतो!’

‘नाई सरत!’

मी वर पाहिलं तेव्हा उभारी त्यांच्या डोक्याच्या वर गेलेली होती. ते मला बघत नव्हते, त्यांना फक्त टब दिसत होता. मी डोळे मिटले, पण टब सोडला नाही. मला भिंतीवरून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला, कुऱ्हाड फरशीवर वाजली, आणि मग लाकूड हाडावर बसतं तो आवाज. तो आवाज कापसाची वाळली पऱ्हाटी मोडल्यासारखा असतो, कडाड नाही, नुसता कट. मार माझ्यावर पडला नव्हता. मी डोळे उघडले तर माझ्यावर बाळूकाका ओणवा होता, उजवा हात वर धरलेला, आणि तो हात मनगटाच्या वर, जिथं वाकायला नको तिथं वाकलेला.

‘पोरीले नको मारू, दादा,’ काका म्हणाला. ‘मले मार.’

 टबात कुंकू पोट वर करून स्थिर झाली होती, तो लाल ठिपका पाण्याखाली गेला होता. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, दुसऱ्या टबाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, तिच्यातून अजून पाणी वाहत होतं. मग भावाच्या हाताकडे पाहिलं. उभारी त्यांच्या हातातून सुटली. ते खाली बसले नाहीत, रडले नाहीत, माफ कर म्हणाले नाहीत. माझे आप्पा होते ते, त्यांना ते शब्द येतच नव्हते. काका रिकाम्या हौदाच्या काठावर बसला, घामानं निथळत, हात मांडीवर धरून. त्याची नजर उरलेल्या माशांवर गेली. ऊन सरकून टबावर आलं होतं आणि ते वर येऊ लागले होते.

‘दादा,’ काका म्हणाला, ‘ते बी मरतीन आता. बोअर चालू कर.’

 आप्पांनी विचारलं, ‘बटन कुठी हाय?’

‘मागच्या दाराशी. उजव्या अंगाले.’

आप्पा काकाच्या फाटकातून गेले. भिंतीवरून नाही, फाटकातून, वाटणीनंतर पहिल्यांदा. मोटर घुरघुरली, काकूनं तिच्याकडून बोअरची नळी भिंतीवरून आमच्याकडे टाकली, मी हौदाचं बूच लावलं आणि थंडगार पाणी हौदात पडायला लागलं. आई ब्रश हातात धरून तशीच उभी होती. धुतला नाही तिनं हौद. आप्पांनी काकाला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. जाताना काका डाव्या हातानं त्यांची कंबर धरून बसला होता, दुसरा आधारच नव्हता त्याला.

काकाचा तो हात पुरता सरळ झालाच नाही. पाइप पुन्हा जोडला गेला, निंब काही परत आला नाही. आप्पांनी त्यानंतर कोणावर हात उचलला नाही असं मी म्हणणार नाही, बैलांनी खाल्लाच. पण मला कधी मारलं नाही, आणि काकासमोर त्यांचे कान कधी लाल झाले नाहीत. वावरातला तो तुटक्या पराचा मासा त्यांनी स्वतः बादलीत घालून घरी आणला. कुंकूचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. मला त्यांनी माफ केलं का, मला माहीत नाही. मीही त्यांना पूर्ण केलं असं नाही. तरी सकाळी हौदाशी ते ‘ये माय, ये’ म्हणायचे तेव्हा मी सुटीत घरी असले तर मुद्दाम तिथं जाऊन उभी राहायचे.

आप्पा गेले तेव्हा काकाला उजवा हात तिरडीच्या दांड्यापर्यंत नेता येईना, म्हणून त्यानं बाजू बदलून डावा खांदा दिला. पुरुष तिरडी घेऊन गेले आणि मागे बायांनी रीतीप्रमाणे घर धुवायला घेतलं. मयत झाली की घरातलं सगळं पाणी फेकतात आमच्याकडे. माठ उपडे झाले, ड्रम उपडे झाले, अंगणभर पाणी वाहिलं. गल्लीतली एक म्हातारी, बिचारी मदतीलाच आलेली, हौदापाशी गेली, बाही वर केली आणि बुचाला हात घातला. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, केस मोकळे, तरातरा चालत गेली आणि त्या म्हातारीच्या हातावर फाडकन मारलं.

‘हात नको लावू,’ आई म्हणाली. ‘शिळंच राहू दे ते.’